बागेविना बागा, माणसांविना वाडे

पुण्यात नावाने जितक्या बागा उरल्या आहेत तितक्या दुसऱ्या कोणत्या गावात उरल्या असतील असे मला वाटत नाही. तुळशीबाग आहे, बेलबाग आहे, हिराबाग आहे, मोतीबाग आहे, विश्रामबाग आहे. तुळशीबागेत मी परकराच्या वयापासून जाते आहे. तेथे मला भातुकली मिळाली, बांगड्या मिळाल्या, लग्नानंतर पोळपाट-लाटणे मिळाले, रामाचे दर्शन तर केव्हाही मिळते. तुळशीचे रोप मात्र दर वर्षी बाहेर रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसलेल्या बाईकडून घ्यावे लागते. विश्रामबागेत बाग नाही, आणि बाजीराव रस्त्यावरच्या मोटारींच्या कोलाहलात तेथे कोणाला विश्राम मिळत असेल तर तो पारव्यांना!

याचे कोणाला वाईट वाटते का, म्हणून विचाराल, तर पुष्कळांना वाटते. पण ते भाषणापुरते. वारसा सप्ताह आला की व्यासपीठावर जुन्या वाड्याचे मोठे छायाचित्र लागते, त्याला झेंडूचा हार पडतो (हार छायाचित्राला पडला की माणूस गेला असे आपण समजतो, ते येथेही खरेच असते), वक्ते हळहळतात आणि चहा घेऊन आपापल्या सदनिकेत परततात. मी या हळहळणाऱ्यांच्या विरुद्ध लिहायला बसले आहे. वाडे पाडणाऱ्यांशी माझे भांडण आहेच. पण पाडणारा निदान आपला स्वार्थ सरळ सांगतो. हळहळणाऱ्याला ना वाडा हवा असतो ना त्याची जबाबदारी. त्याला हवी असते फक्त हळहळ.

माझे म्हणणे साधे आहे आणि ते ऐकून आजवर पुष्कळ लोक हसले आहेत. आमच्या पेठेतला एक जुना वाडा आमच्या बागप्रेमी मंडळाला द्यावा, त्यात मंडळाची कचेरी, रोपवाटिका, बी-बियाणांची कोठी आणि वाचनालय करावे, आणि त्या निमित्ताने वाडा उभा ठेवावा, एवढेच ते म्हणणे. "वाडा आणि फुलवाल्या बायकांना?" असे एका गृहस्थांनी मला तोंडावर विचारले. हो, फुलवाल्या बायकांना. आमच्यात पुरुषही बरेच आहेत. पण ते असो.

प्रथम, वाडे पडतात का ते पाहू. कारण आपल्याकडे 'बिल्डर' हा एक शब्द उच्चारला की सगळे कारण सांगून झाले असे समजतात. वाड्याचा सांगाडा लाकडाचा असतो. खाली घडीव दगडाचे जोते, त्यावर सागाचे खांब, त्यांवर तुळया, कडीपाट, आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा नुसत्या मातीच्या. हे घर कोरडे राहिले तर दोनशे वर्षे हलत नाही. ओले राहिले तर दहा वर्षांत बसते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या पेठांनी हा धडा एका दिवसात घेतला. भिंतींची माती पाण्यात विरघळली आणि वाडे जागच्या जागी गुडघे टेकून बसले. पण पानशेत एकदाच आले. रोजचे पानशेत निराळे आहे. छपराचे एक कौल सरकते, पन्हळीत पाने साचतात, भिंतीच्या सांध्यात पारव्याच्या विष्ठेतून पिंपळ उगवतो, आणि या तिन्ही गोष्टींकडे पाहायला कोणी नसते.

कोणी का नसते? कारण पाहण्याचा खर्च कोणी करावा हेच ठरलेले नसते. युद्धकाळात भाडी गोठली, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने ती १९४० च्या पातळीवर बांधली गेली आणि पुढे अर्धे शतक बहुतेक तशीच राहिली. १९९९ चा नवा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंचे भाडे वाढायचे ते वर्षाला शेकडा चार या चालीने. भाडेकरूला घर गेले असते तर तो रस्त्यावर आला असता, म्हणून कायदा झाला. तो अन्यायाने झाला असे मी म्हणणार नाही. पण ज्या घराचे महिन्याचे भाडे एका कौलाच्या किमतीइतकेही नाही त्याचा मालक छप्पर शाकारीत नाही, आणि ज्याचे घर नव्हे तो भाडेकरूही शाकारीत नाही. दोघेही बादल्या लावतात. मग मालकाची तीन मुले होतात, तिघांची सात, आणि सातांपैकी चौघे परगावी. अशा वेळी कोणी येऊन म्हणतो की, येथे चटईक्षेत्र इतके मिळते, प्रत्येकाला दोन खोल्यांची सदनिका आणि वर रोख, तर त्याला दैत्य म्हणण्यात अर्थ नाही. साठ वर्षे बादल्या लावलेल्या माणसाला तो दूतच वाटणार.

हे सगळे आमच्या पेठेतल्या त्या वाड्याला तंतोतंत लागू आहे. वाड्याचे नाव मी लिहीत नाही, कारण मालक अण्णांना ते आवडणार नाही. दोन चौक आहेत. पुढच्या चौकात दगडी कारंज्याचा कोरडा हौद, मागच्यात आड, आडाला अजून पाणी. परसात सोनचाफा आहे, त्याला दोन माणसांची कवळ पुरत नाही. दिंडी दरवाजाच्या एका फळीवर कोणीतरी कोळशाने दुधाचा हिशेब लिहिलेला आहे, तो शेर-पावशेरातला आहे. अण्णांचे वय ऐंशीच्या पुढे. मी त्यांना मंडळाची कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, फुलांनी छप्पर शाकारता येत नाही हो."

मी म्हणाले, "अण्णा, नुसत्या आठवणींनीही येत नाही. तुम्ही चाळीस वर्षे तोच प्रयोग करून पाहिलात."

ते हसले. म्हाताऱ्या माणसाशी असे बोलू नये हे मला कळते. पण आम्ही शेजारी आहोत, आणि त्यांच्या चाफ्याची फुले मी लहानपणी भिंतीवरून चोरलेली आहेत, तेव्हा तेवढा अधिकार आहे.

आता दुसरा पक्ष. हे लोक म्हणतात, वाडा वाचवा, पण त्याचे स्मारक करा. म्हणजे काय करा? तर दारावर पाटी लावा, आत साखळ्या लावा, 'हात लावू नये' असे लिहा आणि दुपारी एक ते तीन बंद ठेवा. स्मारक हे काही थोर वास्तूंच्या बाबतीत योग्यच आहे. शनिवारवाडा १७३२ साली बांधून झाला, १८२८ च्या आगीत आतला सारा प्रासाद जळून गेला, आता तट, दरवाजे, जोती आणि कारंज्यांचे हौद उरले आहेत. त्याचे स्मारक नाही करायचे तर काय करायचे? पण गावात प्रत्येक गल्लीत शनिवारवाडा नसतो. गल्लीत असतो एका कारकुनाने, एका सावकाराने, एका वैद्याने बांधलेला वाडा. त्याला तिकीट लावून कोण येणार? पहिल्या वर्षी शाळेची सहल येते, दुसऱ्या वर्षी वाळवी.

उलट जे वाडे वाचले ते कसे वाचले पाहा. विश्रामबाग दुसऱ्या बाजीरावाने बांधला. तो बिठूरला गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी तेथे संस्कृत पाठशाळा काढली. १८७९ च्या मे महिन्यात बुधवारवाड्याबरोबर त्यालाही आग लागली, तो पुन्हा उभा केला गेला, पुढे कित्येक वर्षे नगरपालिकेने आपला कारभार तेथून हाकला, खाली टपाल कचेरी राहिली. म्हणजे पेशव्यांच्या विलासासाठी बांधलेला वाडा विद्यार्थ्यांच्या, कारकुनांच्या आणि पत्रे टाकायला येणाऱ्या माणसांच्या पायांनी जगला. गायकवाड वाडा टिळकांनी घेतला, तेथे केसरी छापला गेला. आज त्याला लोक केसरीवाडा म्हणतात, गायकवाडांचे नाव सांगावे लागते. वास्तूला नवे नाव पडणे हे तिच्या आरोग्याचे लक्षण आहे असे माझे मत आहे. जिचे नाव कधीच बदलत नाही ती बहुधा निजलेली असते.

आणि भिडेवाडा? तेथे १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली. मुलींनी शिकावे म्हणून जेथे पहिले पाऊल पडले ती वास्तू दुकानांच्या गर्दीत मोडकळत राहिली, ताब्यासाठी वर्षानुवर्षे दावे चालले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागून २०२३ च्या डिसेंबरात महानगरपालिकेने ताबा घेतला तेव्हा ती उतरवण्यापलीकडे काही उरले नव्हते. तेथे राष्ट्रीय स्मारक करायचे ठरले आहे. ते व्हावे आणि उत्तम व्हावे. पण मी एक मास्तरीण होते, मला राहून राहून वाटते की, त्या माडीवर मुलींची एक साधी शाळा अखंड चालू राहिली असती, फळा, बाके, पाण्याचा माठ आणि 'दोन एके दोन', तर त्या शाळेने आपले छप्पर आपणच सांभाळले असते. शाळेच्या छपरातून पाणी गळले तर पालक ओरडतात. स्मारकाच्या छपरातून गळले तर ओरडायला कोणी नसते.

म्हणून माझा मुद्दा असा, की वास्तूला रखवालदार नको, बिऱ्हाड हवे. आता बिऱ्हाड कोणते? जुन्या वाड्यात बँक आणा, ती भिंती पाडून तिजोरीची खोली करील. दवाखाना आणा, तो नळ आणि गटारे भिंतींतून काढील. हॉटेल आणा, ते अकरा न्हाणीघरे बांधील, आणि चौकात प्लास्टिकच्या केळी लावून पाटी लावील 'पेशवाई थाट'. मंगल कार्यालय तर विचारूच नका. भटारखान्याच्या धुराने देवघराचा रंग कोणता होतो ते मी पाहिले आहे. याउलट बाग करणाऱ्या माणसांना काय लागते? उघडा चौक लागतो, ओसरी लागते, आड लागतो, सावली लागते, खुरपी-पहार ठेवायला एक अंधारी खोली लागते, बी ठेवायला कोरडी कोठी लागते. म्हणजे वाड्यात जे जे आहे नेमके तेच लागते. एकही भिंत पाडावी लागत नाही.

दुसरे असे की, वाडा ज्यामुळे पडतो त्या सगळ्या गोष्टी बागेच्या माणसाला रोजच्या परिचयाच्या असतात. पाणी कोठून येते, कोठे मुरते, कोठे साचते, याचा विचार केल्याशिवाय त्याचा दिवस जात नाही. भिंतीतला पिंपळ इतरांना दिसत नाही, किंवा दिसला तर हात जोडतात. माळ्याला तो बोटभर असताना दिसतो, आणि नुसती पाने तोडून भागत नाही, मूळ काढून सांधा चुन्याने बुजवावा लागतो हेही त्याला ठाऊक असते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत आतल्या आत कुजते. त्या जागी चुनाच हवा. ही गोष्ट मी दोन इंजिनिअरांना समजावून थकले. आमच्या मंडळातल्या एका माळीबुवांना एका वाक्यात पटली, ते म्हणाले, "म्हणजे कुंडीला बुडाशी भोक नसल्यासारखंच."

येथे एक गोष्ट विरुद्ध बाजूची सांगते, नाहीतर ती कोणीतरी माझ्या तोंडावर फेकील. बागेची माणसे वाड्याचा घातही करू शकतात. भिंतीला लागून वाफे केले आणि रोज पाणी दिले तर जोत्यापासून ओल चढते. कडीपाटाच्या गच्चीवर कुंड्या मांडल्या तर तुळई कुजते. मातीने भरलेली, पाणी घातलेली मोठी कुंडी म्हणजे एक जाडजूड पाहुणाच असतो, आणि तो उठत नाही. म्हणून आमच्या मंडळाने ठरावच केला आहे की, भिंतीपासून दोन हात सोडल्याशिवाय एक रोप लावायचे नाही आणि माडीवर, गच्चीवर एकही कुंडी चढवायची नाही. यावर मंडळात मोठे भांडण झाले. ज्यांचे गुलाब गच्चीच्या उन्हासाठी आसुसले होते ते दोन सभासद राजीनामा देऊन गेले. जावोत.

फुलवाल्या मंडळाने जुने घर सांभाळावे ही माझ्या डोक्यातून निघालेली लहर नाही. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रांताची राजधानी रिचमंड येथे माझी मुलगी राहते. २०१७ च्या एप्रिलात मी तिच्याकडे होते. फ्रँकलिन स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर १८४५ साली होरेस केंट नावाच्या व्यापाऱ्याने एक घर बांधले. आराखडा बोस्टनच्या आयझाया रॉजर्स या नामांकित वास्तुकाराचा. विसाव्या शतकाच्या आरंभी ते व्हॅलेंटाइन घराण्याकडे गेले, त्यांनी ते वाढवले, पुढे उंच खांबांची ओसरी चढवली. हा रस्ता एके काळी श्रीमंतांचा. मग शहर वाढले, श्रीमंत गावाबाहेर राहायला गेले आणि शेजारची घरे दुकाने आणि मोटारतळ यांच्या पोटात गेली. आपल्या पेठांची कथा आणि ही कथा यांत फरक एवढाच, की तेथे पारवे जरा कमी आहेत. हे घरही गेले असते. १९७१ साली ते 'गार्डन क्लब ऑफ व्हर्जिनिया' या संस्थेने विकत घेतले आणि आपली कचेरी तेथे थाटली. मी ते पाहिले तेव्हा क्लब तेथे नांदत असल्याला शेहेचाळीस वर्षे झाली होती.

हा क्लब १९२० सालचा. आरंभी बहुतेक खात्यापित्या घरच्या बायका. त्यांनाही लोक हसले असतीलच. १९२७ साली त्यांनी एक पुष्पप्रदर्शन भरवले आणि त्यातून सात हजार डॉलर उभे केले. कशासाठी? तर माँटिचेलो येथील थॉमस जेफर्सनच्या घराभोवतालची, त्याने लावलेली झाडे वाचवण्यासाठी. त्या यशावरून १९२९ पासून दर एप्रिलात 'बागसप्ताह' सुरू झाला. लोक आपली खाजगी घरे आणि बागा त्या सप्ताहात तिकीट लावून उघडतात, आणि ते पैसे प्रांतातल्या जुन्या ऐतिहासिक बागा पूर्ववत करण्यासाठी जातात. महायुद्धाच्या काही वर्षांत खंड पडला तरी ही चाल पुढे चालत राहिली. पुढे माँटिचेलोची खुद्द फुलबाग याच बायकांनी पुन्हा उभी केली. जेफर्सनच्या वाटा गवताखाली गडप झाल्या होत्या. त्यांनी रात्रीच्या वेळी मोटारींचे दिवे हिरवळीवर आडवे टाकले; जमिनीचा बारीकसा उंचसखलपणा सावलीने उठून दिसला आणि सव्वाशे वर्षांपूर्वीची नागमोडी वाट सापडली! ही गोष्ट मला फार आवडते. आपल्याकडे जुन्या बागेवर मोटारींचे दिवे पडतात ते ती वाहनतळ झाल्यावर.

हे सांगितले की आमच्यातले एक प्राध्यापक ताडकन् म्हणतात, "कोणाचे घर वाचवलेत? त्या रिचमंडमध्ये गुलामांचा बाजार भरत होता." खरे आहे. रिचमंड ही यादवी युद्धात गुलामी राखू पाहणाऱ्या राज्यांची राजधानी होती, आणि माणसांच्या खरेदी-विक्रीची तेथली पेठ देशातल्या सर्वांत मोठ्या पेठांपैकी एक होती. जेफर्सनच्या बागेतली माती ज्यांनी उकरली ते गुलामच होते. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही, कारण तो आपल्या वाड्यांनाही लागतो. अण्णांच्या वाड्याच्या मागच्या बाजूला एक बुटके दार आहे. त्या दाराने कोण येत होते आणि पुढच्या दाराने कोणाला येऊ देत नव्हते हे माझ्या आईने मला सांगितले आहे. आडाचे पाणी कोणाला मिळत नव्हते तेही सांगितले आहे.

पण मग काय करायचे? वाडा पाडला म्हणजे ते बुटके दारही जाते, आणि त्या जागी जो लोखंडी फाटक असलेला सात मजली चौकोन येतो तो कोणालाच काही सांगत नाही. चौकोनाच्या फाटकावर पहारेकरी बसतो आणि तोही सगळ्यांना आत सोडीत नाही. फक्त आता कारण विचारायची सोय नसते. मला ते बुटके दार उभे हवे आहे, उघडे हवे आहे, आणि त्याच्यावर चार ओळींत खरी हकीकत लिहिलेली हवी आहे. आणि मंडळाची रोपे वाटताना पहिली रांग त्या दारापाशी लागावी असा माझा हट्ट आहे. पंचवीस रुपयांचे मोगऱ्याचे रोप, दहा रुपयांची तुळस. ज्याच्या घराला खिडकीच फक्त आहे त्याला डब्यात लावायला पुदिना. बाग हा श्रीमंतांचा छंद आहे असे म्हणणाऱ्याने एकदा नदीकाठच्या वस्तीतले पत्र्याचे डबे मोजून यावेत. प्रत्येक दारात तेलाच्या डब्यात तुळस असते, सदाफुली असते, कोठे ओव्याची पाने असतात. बागेची आवड वाटून दिलेली आहे. जमीन वाटून दिलेली नाही.

'फुलवाल्या बायका' या शब्दावर अजून थोडे. मुंबईची राणीची बाग मुळात एका कृषी-उद्यान मंडळीने उभी केली. १८६२ साली ती लोकांसाठी उघडली. डॉक्टर जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, नाना शंकरशेट ही मंडळी ज्या खटाटोपात होती त्यातून त्याच आवारात वस्तुसंग्रहालयही उभे राहिले, ते १८७२ साली उघडले. आज ते भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, आणि त्याच्या जीर्णोद्धाराला २००५ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. म्हणजे वास्तू आणि बाग यांचे नाते आपल्याला परके नाही. पुढे २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाचा मोठा परदेशी थाटाचा आराखडा आला आणि बागेतल्या जुन्या झाडांवर गदा येणार असे दिसू लागले, तेव्हा कोण उभे राहिले? बागेत फिरायला जाणाऱ्या काही स्त्रिया. त्यांनी घोषणा कमी दिल्या आणि झाडे मोजली. तीन हजारांवर झाडांची जातवार नोंद केली, कागद घेऊन समित्यांपुढे गेल्या, आणि त्या आराखड्याला मुरड घालावी लागली. पुण्यातच पाहा, एम्प्रेस गार्डन हे एकोणचाळीस एकरांचे रान शहराच्या पोटात शिल्लक आहे ते पश्चिम हिंदुस्थानच्या कृषी-उद्यान संस्थेच्या हाती ते शंभर वर्षांहून अधिक काळ राहिले म्हणून. दर जानेवारीत तेथे पुष्पप्रदर्शन भरते. त्या गर्दीत उभे राहून कोणी म्हणून दाखवावे की, फुलांच्या नावाने पैसा उभा राहत नाही.

पैशाचा प्रश्न उरतोच. आमचा अर्ज घेऊन मी एका कचेरीत सात खेटे घातले. कचेरीचे नाव सांगण्यात स्वारस्य नाही. सगळ्या कचेऱ्यांतल्या खुर्च्या सारख्याच असतात. तेथले साहेब सज्जन होते. कागद वाचून म्हणाले, "बाई, हे मी कोणत्या सदरात बसवू? तुमचे मंडळ शैक्षणिक नाही, धार्मिक नाही, क्रीडाविषयक नाही."

मी म्हटले, "साहेब, रोप लावणे शिकवतो, तुळस वाटतो आणि पहार मारतो. तिन्ही सदरांत बसवा."

त्यांनी ते हसून कोणत्याच सदरात बसवले नाही. नियमात म्हणे वारसायादीतल्या वास्तूच्या मालकाला आपला न वापरलेला बांधकामहक्क दुसरीकडे विकता येतो. ही सोय खरोखर चांगली आहे, आणि तीच अण्णांच्या भावांची नड भागवू शकेल. पण त्यासाठी वाडा यादीत हवा, यादीत यायला मालकांची तयारी हवी, आणि मालकांना भीती अशी की, एकदा यादीत गेले की खिळा मारायलाही परवानगी लागेल. कोणीतरी एका साध्या मराठी पानावर त्यांना हे समजावून द्यावे, एवढे काम त्या सदराच्या खुर्चीने केले तरी पुष्कळ वाडे वाचतील. खिळ्याची भीती घालवणे हे शासनाचे काम आहे, माझे नव्हे. तरी मी ते घरोघर जाऊन करते आहे.

आता आमची मागणी काय ती स्पष्ट लिहिते, म्हणजे पेठेत ज्या कंड्या पिकल्या आहेत त्या थांबतील. आम्हाला वाडा फुकट नको आणि मालकीचाही नको. तीस वर्षांचा भाडेपट्टा हवा. भाडे आजच्या दराने पूर्ण देता येणार नाही. पण छपराची, कौलांची, पन्हळींची, लाकडाच्या वाळवीची आणि चुन्याच्या गिलाव्याची दुरुस्ती दर वर्षी अक्षयतृतीयेच्या आत मंडळाच्या खर्चाने होईल, आणि तिचा हिशेब दिंडीच्या आत फळ्यावर लागेल. पुढचा चौक दर रविवारी सर्वांना उघडा राहील, तिकीट नाही. मागच्या सोप्यात महानगरपालिकेच्या शाळांतल्या मुलांना गुटी कलम बांधायला आणि डोळा भरायला शिकवू. मुलगा असो वा मुलगी, ज्याला एक गुलाब जगवता आला त्याला ते रोप घरी न्यायला मिळेल. अण्णा हयात आहेत तोवर माडीवरच्या त्यांच्या दोन खोल्या त्यांच्याच. लग्ने, वाढदिवस, सत्कार-समारंभ यांना जागा मिळणार नाही. मंत्र्यांच्या हस्ते वृक्षारोपण असेल तर खड्डा मंत्र्यांनी स्वतः खणावा. दहा वर्षांत आम्ही छप्पर राखले नाही असे दिसले तर मालकांनी आम्हाला कुंड्यांसकट बाहेर काढावे, दावा लावायचा नाही, हे कलम मी स्वतः घातले आहे. दुसऱ्यांच्या घरात साठ वर्षे ठाण मांडून बसणाऱ्यांमुळेच मालकांचा माणसांवरचा विश्वास उडाला, तो परत मिळवायचा तर एवढे लिहून द्यावेच लागेल. निधीसाठी या हिवाळ्यात पेठेतल्या ज्यांच्या घरी परसू किंवा गच्चीबाग शिल्लक आहे अशा काही घरांनी एक रविवार आपली दारे उघडायचे कबूल केले आहे. तिकीट वीस रुपये. ही कल्पना रिचमंडच्या बायकांची आहे. उसनी घ्यायला मला लाज वाटत नाही.

देवदिवाळीच्या आत तिघे भाऊ एकत्र बसणार आहेत. बिल्डरचा कागद चौदा पानांचा आहे, रंगीत चित्रांचा. आमचा दोन पानांचा. अण्णांनी दोन्ही वाचले आहेत. मधल्या भावांनी आमचा पाहू म्हणून ठेवून दिला. धाकट्यांनी अजून पाकीटच फोडलेले नाही. पण हा दिवाळी अंक ते दर वर्षी विकत घेतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात असे वहिनींकडून समजले, म्हणून त्या पाकिटातला सगळा मजकूर मी येथे छापून टाकला आहे.